भिंतीवरची थोरली

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. शेडमधल्या चौथ्या टेबलावर कुणालाच मान वर करायला सवड नव्हती, तेव्हा मुकादम थोरलीच्या मागे येऊन उभा राहिला. थोरलीनं घड देठाला धरून उजेडाकडे फिरवला, चिरलेला मणी कात्रीच्या टोकानं उडवला, दोन बारके काढले, घड खोक्यात निजवला आणि दुसरा उचलला. मागचा माणूस हलेना, तसं तिच्या मानेला खाज सुटल्यासारखं झालं.

"वहिनी," मुकादम म्हणाला, "जरा मागे या."

"एवढं खोकं भरते."

"ते धाकटी भरेल."

धाकटी म्हणजे तिची जाऊ. शेजारीच काम करत होती. तिला पाचवा महिना होता. पोट टेबलाच्या कडेला लागू नये म्हणून ती थोडी तिरकी उभी राहायची. तिनं वर पाहिलं नाही. थोरलीचं अर्धं खोकं तेवढं आपल्याकडे ओढून घेतलं.

शेडच्या मागच्या दाराशी मुकादम थांबला. उन्हाकडे बघत म्हणाला, "परवा खरेदीदार येतायत. बाहेरचे लोक. त्यांना सगळं स्वच्छ लागतं."

"मग मी काय अस्वच्छ आहे?"

"तसं कोण म्हणतंय? पण हात..." त्यानं स्वतःचेच हात पुढे धरले आणि चटकन खाली घेतले. "दिसतं ना ते."

थोरलीनं आपल्या हातांकडे पाहिलं. गेल्या पावसाळ्यात नखांभोवती पांढरं पडायला लागलं होतं. आता ते बोटांच्या मधल्या पेरांपर्यंत चढलं होतं. हनुवटीखाली एक ठिपका होता, मानेवर दोन. कोड. हा शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारत नव्हतं, तिच्या पाठीमागे मात्र सगळे उच्चारत होते.

"मुकादम, मी घड देठाला धरते. सात हंगाम झाले. मण्याला माझं बोट लागलेलं एकदा तरी पाहिलंय तुम्ही?"

"मला ठाऊक आहे हो. त्यांना कोण समजावणार? आठवडाभर मागे बसा, गळीच्या मण्यांकडे. मग बघू."

गळीचे मणी म्हणजे टेबलावरून खाली पडलेले, फुटलेले, वाया गेलेले. मागच्या अंगणात त्यांचा ढीग होता आणि ढिगावर गांधीलमाश्यांचं राज्य. उन्हात बसून त्यातले सुकवण्याजोगे निवडायचे. रस कोपरापर्यंत ओघळायचा आणि वाळून कातडी ताणायचा. सगळ्यांत वाईट म्हणजे पांढऱ्या झालेल्या जागी ऊन सोसत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिथं लालभडक होऊन आग व्हायची. आतून कात्र्यांचा टकटक आवाज यायचा आणि थोरलीची बोटं आपोआप तशीच मिटायची, उघडायची. तीन दिवस तिनं काढले. चौथ्या दिवशी सकाळी बायकांना न्यायला येणारा ट्रक दारात थांबला, धाकटी चढली आणि ड्रायव्हर खिडकीतून ओशाळून म्हणाला, "ताई, तुमचं नाव आज नाही दिलंय."

मागून कुणीतरी हसलं. कदाचित दुसऱ्याच कशाला तरी हसलं असेल. ट्रक गेला.

घरी काम नव्हतं असं नाही. पण थोरलीला ते सापडेना. ती झाडायला घेई आणि अर्ध्यात सोडून देई. धुवायला बसे आणि उठून रस्त्यापर्यंत जाऊन येई. सासू ओसरीवर बसून हे बघत होती. सासू तिला कधी घालूनपाडून बोलली नव्हती. फक्त महिन्यापूर्वी एक दिवस थोरलीचा चहाचा कप इतर कपांत दिसला नाही. तो खिडकीत वेगळा उपडा घातला होता. तो कप आता तिथंच राहायला लागला होता.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे लागत नाही कुणाला," थोरली एकदा मुद्दाम मोठ्यानं म्हणाली होती.

"डॉक्टरीणबाईच्या घरात काय कुणी पोटुशी आहे?" सासू म्हणाली होती. विषय तिथं संपला होता.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं होतं आणि आणखी एक गोष्ट सांगितली होती. डाग वाढतायत की थांबलेत ते कळायला हवं. दर आठवड्याला पातळ कागद वर ठेवून कडेनं रेघ मारून ठेवायची. थोरलीनं खोक्यात घालायचा झिरझिरीत कागद शेडमधून आणला होता. सोमवारी दार लावून ती हातावर, मानेवर कागद ठेवून रेघा ओढायची. एका कागदावर बदकासारखं काहीतरी उमटलं होतं. दुसरं मोडक्या चपलेसारखं दिसायचं. ती ते कागद गादीखाली ठेवायची, चोरीचा माल असल्यासारखे.

मग एक दिवस नळावर ते झालं. बायकांची रांग होती. थोरली आली तशी पुढची जरा पुढे सरकली, मागची जरा मागे, आणि रांगेत तिच्यापुरतं एक भोक पडलं. बोलणं थांबलं. तिथं एक जाडजूड बाई होती, तिला सगळं गाव 'रेडिओ' म्हणायचं. तिला शांतता सोसत नसे.

"काय गं," रेडिओ म्हणाली, "अंगावरपण आहे का? म्हणजे आतून? पाठीबिठीवर? नाही, आपलं सहज विचारलं."

सगळ्यांचे कान टवकारलेले थोरलीला दिसले. तिचा नंबर आला होता. तिनं हंडा नळाखाली धरलाच नाही. रिकामाच घेऊन ती घराकडे निघाली. आधी सावकाश, मग इतक्या भराभर की हंडा मांडीवर आपटायला लागला.

घराच्या रस्त्याकडच्या बाजूला कुंपणाची भिंत होती. नवरा गवंडी. उरल्यासुरल्या विटांतून त्यानंच ती बांधली होती, गिलावाही त्यानंच केला होता, तळहातासारखा सपाट. रंग मात्र राहिला तो राहिलाच. तीन वर्षं तो दुसऱ्यांच्या भिंती रंगापर्यंत नेऊन देत होता आणि स्वतःची करडी भिंत रोज सायकल टेकवायला वापरत होता. थोरलीनं हंडा टाकला. कोपऱ्यातल्या बादलीत चुना भिजत होता. चुलीतला एक कोळसा तिनं उचलला आणि ती रस्त्यावर जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिनं कोळसा बगलेपासून खाली ओढत नेला, कमरेपाशी, मांडीपाशी, वाकवेल तितकं वाकून घोट्यापर्यंत. मग हात बदलला. डाव्या हातानं उजवी बाजू नीट जमेना, दंड पोत्यासारखा फुगला. डोकं अंदाजानं काढावं लागलं. मागे सरकून पाहिलं तर भिंतीवर एक बाई उभी होती. वेडीवाकडी, पावलं नसलेली, पण उंचीनं बरोब्बर तिच्याएवढी. थोरलीनं आतून कागद आणले. बघून बघून, कुंचा चुन्यात बुडवून, एकेक डाग जिथला तिथं भरला. बोटं, मनगट, हनुवटी. नळावर कुणाला सांगितले नसते ते डाव्या कुशीवरचे दोन, गुडघ्यावरचा एक. चुना ओला असताना नीट दिसत नव्हता. वाळत गेला तसे ते डाग करड्या अंगावर उजळत गेले.

तिनं कुंचा बादलीत ठेवला.

सासू दारात आली. तिनं बराच वेळ पाहिलं. "दारात उघडं उभं केलंस स्वतःला," ती म्हणाली, "आता या घराकडे मान वर करून कोण बघेल?"

"सगळे बघतील. बघायचंच आहे त्यांना."

नवरा संध्याकाळी सायकलवरून आला आणि सायकल टेकवायला गेला तो तसाच थांबला.

"हे कोण?"

"मी."

"हे काय चाललंय तुझं? उद्या माझ्या कामावर लोक काय म्हणतील?"

"मला कामावरून काढलं तेव्हा लोक काय म्हणाले, ते विचारलंत कुणाला?"

त्यानं पाण्याची बादली भरून आणली. थोरली बाजूला झाली नाही, भिंतीच्या आणि त्याच्या मधेच उभी राहिली. दोघांच्याही कपाळावरच्या शिरा ताठ झाल्या होत्या. रस्त्यानं दोन माणसं येताना दिसली, तसं त्यानं पाणी भिंतीच्या पायथ्याशी ओतून टाकलं आणि तो आत निघून गेला. जेवताना म्हणाला, "रविवारी रंग आणतो आणि बुजवतो." रविवार आला. तो रंग आणायला गेला नाही.

रोज सकाळी ट्रक जायचा. पहिल्या दिवशी ट्रकमधून हशा आला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "फुगा केलाय गं हाताचा!" आणि पुन्हा हशा. धाकटी ट्रकमध्ये तोंड दुसरीकडे करून बसायची. तिसऱ्या दिवशी उठून पाहिलं तर भिंतीवरच्या बाईच्या तोंडावर चिखलाचा गोळा होता, आणि कोळशानं कुणीतरी नको ते चितारलं होतं. थोरली तिथंच खाली बसली. वाटलं, पुसावं सगळं, दार लावावं आणि हंगाम संपेपर्यंत बाहेर पडू नये. ती उठली, आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. शेवटी तिनं ओल्या फडक्यानं चिखल पुसला, नको ते खरवडून काढलं आणि त्या बाईला डोळे काढले. मोठे, सरळ रस्त्याकडे बघणारे. त्यानंतर चिखल मारायला येणाऱ्याला त्या डोळ्यांशी नजर मिळवावी लागली असती.

सोमवारी कागद ठेवून पाहिलं तर मनगटावरचा डाग गव्हाच्या दाण्याएवढा वाढला होता. तिनं भिंतीवरही तेवढा वाढवला. मग शेजारी दुसरी आकृती काढली, हंडा घेऊन वाकलेली. मग तिसरी, टेबलाशी उभी, हातात कात्री. तिसऱ्या वेळी दंड फुगला नाही. रेघ कुठून सुरू करायची ते हाताला आता आधीच कळायचं. काढताना तिला कधी नव्हे ते स्वतःचं अंग दिसायला लागलं. आपली मान लांब आहे. आपण उभ्या राहतो तेव्हा सगळा भार डाव्या पायावर असतो. चाळीस वर्षं या अंगात राहून हे ठाऊक नव्हतं. डाग आले नसते तर तिनं हे अंग कधी पाहिलंही नसतं, नुसतंच राबवलं असतं.

नवऱ्यानं एक दिवस चहा पिता पिता भिंतीकडे न बघता सांगितलं, "चुन्यात डिंक घालत जा थोडा. नुसता चुना हाताला लागतो."

ती चमकून त्याच्याकडे बघत राहिली.

"काय बघतेस? भिंत माझी आहे. काम कच्चं दिसतंय."

लोक थांबायला लागले. सायकल दुरुस्त करणारा एक माणूस रोज तिथून जायचा. तो एकदा उतरला, पूर्ण बाह्यांचा शर्ट कोपरापर्यंत दुमडला आणि आतलं चुरगळलेलं, भाजलेलं कातडं तिला दाखवलं. "स्टोव्ह उडाला होता. बारा वर्षं झाली. उन्हाळ्यातसुद्धा बाह्या खाली." एवढं बोलून बाह्या तशाच वर ठेवून तो गेला. रेडिओही आली. आधी लांबून, मग अगदी जवळून पाहिलं. "मला काढशील का गं? पण जरा बारीक काढ हं. खरं काढायचं काही कारण नाही." थोरलीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. ते इतकं मोकळं होतं की तिलाच त्याचा आवाज अनोळखी वाटला. "आणि ते नळावरचं," रेडिओ जाताना पुटपुटली, "माझ्या तोंडाला झाकणच नाही बघ."

आणि एक मुलगी यायची. अकराएक वर्षांची, पाठीला दप्तर, तोंडाभोवती रुमाल घट्ट बांधलेला. एवढ्या उन्हात फक्त डोळे दिसत. ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघायची आणि थोरली बाहेर आली की पळायची. एक दिवस पळाली नाही.

"काकू, दुखतं का?"

"नाही. ऊन लागलं तर चुरचुरतं."

"मलापण." मुलीनं रुमाल खालून बोटभर उचलला. ओठाच्या कोपऱ्याशी पांढरा डाग होता, चिंचोक्याएवढा. लगेच रुमाल पुन्हा खाली आला आणि ती निघून गेली. कुणाची, ते थोरलीला विचारायचंही सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र अडली. पाठ. चौथी आकृती तिला पाठमोरी काढायची होती. पाठीवर काय आहे ते तिला दिसत नव्हतं आणि कागद ठेवून रेघ मारायला हात पोचत नव्हता. आरसा उलटासुलटा धरून तिनं दोन दिवस घालवले. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला नको सांगूस, मला जमणार नाही," आणि ओळंबा घेऊन कामावर निघून गेला. धाकटीला विचारायचा प्रश्नच नव्हता. थोरली कागद घेऊन खोलीभर येरझाऱ्या घालत होती. एकदा मान मागे वळवून पेन टेकवायला गेली आणि मानेत लचक भरली. ती कळवळली.

"आण इकडे," सासू दारातून म्हणाली.

"आई?"

"आण म्हटलं ना. मान मोडून घेशील."

थोरली पाठ उघडी करून पाटावर बसली. मागून सासूचा श्वास ऐकू येत होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कागद पाठीवर टेकला आणि कागदावरून सासूचा हात. कित्येक महिन्यांत तिला घरातल्या कुणी स्पर्श केला नव्हता हे थोरलीला त्या क्षणी समजलं, आणि तिनं दात घट्ट आवळले.

"हलू नकोस. इथं एक आहे. मोठा आहे."

"केवढा?"

"माझ्या तळव्याएवढा. थांब." कागद बाजूला झाला आणि नुसता तळवा पाठीवर आला, मोजायला. तो तिथंच राहिला. "गरमच आहे गं. मला वाटलं गार असेल."

"गार कशाला असेल?"

"पांढरं आहे म्हणून वाटलं आपलं." सासू पुढे वाकली. "आणि खाली तीळ आहे एक मोठा, कमरेपाशी. ठाऊक आहे?"

"नाही."

"चाळीस वर्षं काय करत होतीस मग?" सासू म्हणाली आणि पेन जोरात दाबून रेघ ओढायला लागली. "आई गं," थोरली म्हणाली. "गप बस. वाकडी येईल."

त्या दिवशी चौथी थोरली भिंतीवर पाठमोरी उभी राहिली. मोठा डाग सासूनं लांब उभं राहून सांगितला तसा, आणि कमरेपाशी कोळशाचा एक तीळ. संध्याकाळी चहा झाला. कुणाचा कप कुठला ते कुणी पाहिलं नाही.

दोन दिवसांनी मुकादम स्कूटरवरून आला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"वहिनी, उद्यापासून या. शेवटचा मोठा माल आहे आणि चौथ्या टेबलाचा वेग पडलाय. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही, ते मी कधी नाकारलं नाही."

थोरलीच्या बोटांत एकदम कात्रीचा जडपणा आला. ती टेबलापाशी जाऊन उभीसुद्धा राहिली होती, मनानं.

"फक्त हातमोजे घालायचे. तोंडाला रुमाल. आणि..." त्यानं भिंतीकडे बोट केलं, पण बघितलं नाही. "हे बुजवून टाका. खरेदीदारांच्या गाड्या याच रस्त्यानं येतात."

"हातमोज्यानं मण्यावरची पांढरी पूड पुसली जाते. म्हणून तर तुम्ही कुणाला घालू देत नाही."

"तुम्ही घातले तर चालेल."

"मग भिंतीचा काय त्रास आहे? भिंत काही द्राक्षं भरत नाही."

मुकादमाचा चेहरा ओढला गेला. तो आवाज खाली आणून म्हणाला, "माझी मुलगी इथं येऊन उभी राहते. शाळेतून परस्पर. लोकांनी पाहिलं. उद्या तिच्याबद्दल लोक नाही नाही ते बोलतील. तुमचं काय, तुमचं लग्न झालं, संसार झाला. तिचं अजून सगळं व्हायचंय."

थोरलीला तो रुमाल आठवला. एवढ्या उन्हात डोळ्यांपर्यंत बांधलेला. तो कुणी बांधला असेल ते तिला आता दिसलं. आणि मागच्या दाराशी याच माणसानं स्वतःचे हात पुढे धरून चटकन खाली का घेतले, तेही. दुखणं त्याच्याच घरात होतं. तिला राग यायला हवा होता. आला तो, पण त्यात आणखी काहीतरी मिसळलं आणि तिला धड ओरडताही येईना.

"मुकादम," ती म्हणाली, "हातमोजे द्यायचे तर सगळ्यांना द्या, मीही घालीन. नाहीतर मी उघड्या हातानं येईन. भिंत राहील."

"मग राहा घरात," मुकादम म्हणाला आणि त्यानं स्कूटरला लाथ मारली. स्कूटर चौथ्या लाथेला सुरू झाली, तोवर दोघांनाही एकमेकांसमोर उभं राहावं लागलं.

घरात वादळ झालं. नवरा म्हणाला, हाती आलेलं काम लाथाडलंस. सासू कुणाचीच बाजू घेईना. धाकटी कोपऱ्यात भाजी चिरत होती, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक दारात मिनिटभर थांबला आणि गेला. थोरली दिवसभर घरात आणि भिंतीपाशी, भिंतीपाशी आणि घरात फेऱ्या मारत राहिली. आपण चुकलो असं तिला सकाळी वाटलं, दुपारी नाही वाटलं, संध्याकाळी पुन्हा वाटलं.

संध्याकाळी धाकटी आली ती सरळ तिच्यापाशी. घामेजलेली, कानशिलं लाल.

"ताई, मी बोलले आज."

"काय बोललीस?"

"मुकादमाला. टेबलावरच. म्हटलं, ताई देठाला धरते, आम्ही सगळ्या देठाला धरतो. तिला हातमोजे तर आम्हालाही द्या. आवाज चिरकला माझा, पण बोलले." तिनं श्वास घेतला. "मग पलीकडची म्हणाली, हो द्या. मग सगळं टेबल. कात्र्या खाली ठेवल्या सगळ्यांनी. अर्धा तास."

"आणि तो?"

"बाहेर जाऊन उभा राहिला. मग आम्हीच पुन्हा कात्र्या उचलल्या, माल नासला असता." धाकटी खाली बघत राहिली. "त्या दिवशी तुमचं खोकं ओढून घेतलं ना मी... मला भीती वाटत होती. पोटातल्याची."

"आता?"

"अजून वाटते थोडी," धाकटी म्हणाली. तिनं खरं ते सांगितलं म्हणून थोरलीला बरं वाटलं.

रविवारी दुपारी ती पाचवी आकृती काढायला कोळसा शोधत होती, तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. मुकादम होता, आणि मागे ती मुलगी. रुमाल बांधलेला होताच. मुकादमानं स्कूटर रस्त्याच्या पलीकडे लावली, उतरला आणि भिंतीकडे पाठ करून शेतांकडे बघत उभा राहिला.

"चार दिवस झाले, जेवत नाही," तो तसाच पाठमोरा बोलला. "म्हणते, तिथं ने. नेलं." थोडं थांबून म्हणाला, "उद्या ट्रकमध्ये तुमचं नाव असेल."

"हात उघडे असतील," थोरली म्हणाली.

त्यानं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण नाही असं वाटलं नाही.

मुलगी भिंतीजवळ आली होती. चारही थोरल्यांसमोरून ती हळूहळू चालत गेली. पाठमोरीपाशी थांबली. शेवटच्या रिकाम्या जागी येऊन तिनं थोरलीकडे पाहिलं.

"काकू, माझं काढाल?"

थोरलीनं रस्त्यापलीकडच्या पाठीकडे नजर टाकली. ती पाठ हलली नाही. तिनं मुलीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि कोळसा खांद्यापासून खाली न्यायला लागली. बगलेपाशी मुलीला गुदगुल्या झाल्या आणि ती खिदळली, मोठ्यानं, अंग आक्रसून. रेघ वाकडी झाली.

"उभी राहा गं नीट."

"गुदगुल्या होतात!"

ती बाजूला झाली तेव्हा भिंतीवर एक लहान मुलगी होती, पुढे झुकल्यासारखी. थोरली कुंचा घेऊन वाकणार, तोच मुलीनं स्वतःच्या मानेमागची गाठ सोडली. रुमाल गळ्यात आला. ओठाच्या कोपऱ्यातला डाग, आणि एक डाव्या गालावर, जो थोरलीला ठाऊक नव्हता.

"मी भरते," ती म्हणाली.

कुंचा मोठा होता म्हणून तिनं बोटच चुन्यात बुडवलं. पहिला ओठापाशी. मग थोडा वर, गालावर. मागे सरकली, पुन्हा पुढे आली, ओठापाशीचा जरा मोठा केला, बरोबर तेवढा.

"बाबा," ती ओरडली, "बघा ना. बाबा!"

मुकादम बराच वेळ शेतांकडेच बघत राहिला. मग तो वळला. मुलगी चुन्याचं बोट भिंतीकडे दाखवत उभी होती, तोंड उन्हात उघडं, दात सगळे दिसत होते. थोरली पाहत होती. मुकादमानं भिंतीकडे पाहिलंच नाही. तो आपल्या मुलीच्या तोंडाकडे बघत होता, किती दिवसांनी कुणास ठाऊक, आणि रस्ता ओलांडायला निघाला होता.